काशीच्या नावाचं कुलूप

हे मी अजून कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, ज्यांच्यासोबत घोषणा देऊन घसा बसवला त्या कार्यकर्त्यांपाशीही नाही. दुसऱ्यांचं खोटं मोठ्या टाइपात छापणाऱ्या माणसाला स्वतःचं छापायला सात वर्षं लागावीत?

सुमनताई नांदेडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मला धाकटा भाऊच मानायच्या. माझी पत्रकं छपाईआधी तपासून द्यायच्या — "किती उद्गारचिन्हं रे! वाचतानाच दम लागून राहिलाय."

तेव्हा आम्ही नव्या वीजमीटरविरुद्ध पेटलो होतो. मीटरातली चिप तपासण्यासाठी कारखाना चार पिनांची एक वाट ठेवतो. तपासणी संपते, वाट उघडीच राहते — जाणता माणूस तिथून आत शिरून रीडिंग फिरवू शकतो. हे मला ताईंनीच शिकवलं. त्या वाटेला कुलूप घातलं तेही त्यांनीच. परवलीचा शब्द दिल्याशिवाय चिप तोंड उघडणार नाही. एक मीटर कंपनी ते घ्यायला तयार होती. आणि मी? कुलूप पक्कं निघालं तर आंदोलन कशावर चालणार — हा माझा घोर.

"सभेत फोडून दाखवतो," मी म्हणालो. ताईंनी हसत नमुन्याचा बोर्ड हातात दिला. "घे. फोड बघू."

आठ दिवस झगडलो. न्हाई फुटलं. पत्रकं मात्र छापून आली होती — 'कुलूप फुटलं!'

आता तो शब्द. ताईंचं गाव लातूरकडचं. भूकंपाच्या पहाटे त्यांची म्हैस अशी रेकली, की सगळं घर तिला बघायला बाहेर आलं, आणि मागं भिंती बसल्या. काशी तिचं नाव. एकदा चहा पिताना ताई म्हणाल्या होत्या, "जिनं आम्हाला दार उघडाया लावलं, तिच्याच नावानं माझं कुलूप उघडतं. कुणाला सांगू नको हं."

कुणाला सांगितलं नाहीच मी. भरल्या सभेत, कीबोर्ड अंगाआड धरून — टाइप केलं.

टाळ्या. कंपनीनं पाठ फिरवली. ताई महिनोन्महिने आपल्या आराखड्यात भोक शोधत बसल्या. नव्हतंच ते. एकदा त्यांनी हसतच विचारलं, "काशी तर नाही ना टाकलंस?"

"न्हाई ताई. तुमची शपथ."

विश्वास ठेवला त्यांनी. मग कुलपाचा नादच सोडला, कॉलेजही सोडलं. आता लातूरला कोचिंगमध्ये सर्किटं शिकवतात. कोचिंगविरुद्धही मी पत्रक काढलंय — मास्तरांचे कोंडवाडे म्हणून. त्यातल्या एका कोंडवाड्यात मीच एकीला ढकललं, हे त्यात नव्हतं.

परवा भेटायला गेलो, तर वर्गातल्या पोरींना म्हणाल्या, "ह्यो बघा माझा भाऊ. माझं कुलूप ह्यानंच फोडलं. लई डोकं हाय!" केवढं कौतुक होतं त्या डोळ्यांत. मी हात जोडून उभा.

म्हशीचं नाव ही कच्ची किल्ली, असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. ती किल्ली माझ्यासमोर विश्वासानं ठेवलेली होती.

हे एवढं एक पत्रक ताईंनी तपासलेलं नाही. पहिली प्रत त्यांनाच देणार आहे. ते जुनं शीर्षक सोडलं तर माझ्या बोलण्यात उद्गारचिन्ह एकही घातलेलं नाही.

कुलूप पक्कं होतं, ताई. मी काशीच टाकलं.