चव माझीच गेली होती

मंडळी, आज दुपारी डिंडोलीला लेकीकडे जेवायला गेलो. तिनं वांग्याचं भरीत वाढलं आणि मला वास आला. सात वर्षांनी!

नाकात मांस वाढलं होतं. दोनदा ऑपरेशन केलं, पुन्हा वाढलं. आता डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी बायोलॉजिक इंजेक्शन सुरू केलंय, ते मांस पुन्हा वाढू न देणारं. परवा चौथं झालं.

"आईपेक्षा भारी केलंस," मी म्हणालो.

"वेगळं काहीच नाही केलं, पप्पा. आई असंच करायची."

बायको वारली त्याच्या आदल्या आठवड्यातही मी ताट सरकवलं होतं, "चवच नाही." ती म्हणाली होती, "उद्या मसाला वाढवते."

वास गेला की चवही जाते, हे या गाढवाला आत्ता कळलं.

तुमच्या घरात कोणी रोज "चवच नाही" म्हणतं का? त्याचं नाक डॉक्टरांना दाखवून घ्या. स्वयंपाक करणारी आहे तोवर.