कानबाईच्या आडोशाने

तापलेल्या मोहरीच्या तेलाचा वास – आधी नाकाला झोंबणारा, मग घशात हळूच उतरणारा – अजूनही कुठून आला, की मी खिडकी लावून घेत नाही. उघडीच ठेवते. का, ते आजवर कोणाजवळ बोलले नाही. तुमच्याजवळ बोलते आहे.

शेफाली जळगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा सराफ्यात दागिने घडवणारा बंगाली कारागीर. सकाळी जायचा, तो दिवेलागणीनंतर यायचा. दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसे, मराठीचा एकेक शब्द जिभेवर घोळवून पाही. मीही एकटीच होते – पण माझं एकटेपण माणसांनी भरलेल्या घरातलं, म्हणून कोणाला दिसत नसे. तिला दिसलं असावं.

श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. नथ ल्यालेला नारळ, चौरंग, केळीचे खांब. सोनगीरहून जावा येतात. कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांपलीकडे कोणाला देत नाहीत, ही रीत खरी. पण दर्शन? दर्शनाला सारी गल्ली लोटते. वाटसरूलाही कोणी अडवत नाही.

त्या वर्षी कानबाई बसली, त्या रविवारी शेफाली दारात आली. न्हालेली, लाल काठाची पांढरी साडी, हातात जास्वंदीची फुलं. म्हणाली, ‘आमच्यातपण देवी माहेरी येते, दीदी.’ तिच्या अंगाला तोच मोहरीच्या तेलाचा वास होता. आत जावा बसल्या होत्या – आल्यापासून शेजारच्या मासळीवरून नाकं मुरडत. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले आणि म्हणाले – किती सहज म्हणाले मी – ‘आमची कानबाई परक्यांच्या नजरेस पडू देत नाहीत. रीतच आहे तशी.’

रीत नव्हती. लाज होती. तिची-माझी सोबत आहे, हे जावांना कळण्याची.

तिने विश्वास ठेवला. फुलं माझ्या ओंजळीत दिली आणि मागे सरली.

दुसऱ्या दिवशी कानबाई तलावाकडे निघाली. डफ वाजत होता, बाया फुगड्या घालत होत्या, रस्ता माणसांनी फुललेला. आणि शेफाली आपल्या दाराशी उभी होती – देवीकडे पाठ करून, पदराने डोळे झाकून. चुकूनही दिसू नये म्हणून. मी आदल्या दिवशी जन्माला घातलेली रीत ती पाळत होती. एवढ्या निष्ठेने आम्ही आमच्या खऱ्या रीती तरी पाळतो का?

धाकट्या जावेने विचारलं, ‘अक्का, ती बाई तोंड काबर झाकी र्‍हायनी?’

‘त्यासनामा तशीच रीत शे,’ मी म्हणाले.

‘काय एकेक लोक रहातस,’ ती हसली.

पाहिलंत? एक खोटं आमच्या माथी, दुसरं तिच्या. दोन्हीकडच्या बायांना एकमेकींपासून तोडायला माझी दोन वाक्यं पुरली. मग मी फुगडीत शिरले – शिरले, आणि हसलेही.

नंतर खरं सांगता आलं असतं. दुपारी ती येतच होती – ओट्यापर्यंत. शब्द ओठांवर यायचे, मी चहा ठेवायला उठायचे. ती रागावेल याची भीती नव्हती. ती समजून घेईल, याची होती.

त्याच हिवाळ्यात तिच्या नवऱ्याला राजकोटला काम मिळालं. सामान टेम्पोत चढल्यावर ती निरोपाला आली. घरात जावा नव्हत्या, देवी नव्हती, कोणीच नव्हतं. मी म्हणाले, आत ये. ती बाहेरच थांबली. चपला काढल्या, आत पाहू लागलेली नजर झटकन खाली वळवली आणि मी शिकवलेल्या मराठीत विचारलं –

‘चालेल?’