‘अदर’ नाही म्हणून आई घराबाहेर

आमच्या घरातलं पहिलं भांडण इंग्रजी व्याकरणामुळे झालं आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते अगदी निर्दोष होतं. त्याआधी आई आणि तिच्या सुनेचं असं गूळपीठ होतं, की घरात माझं मत विचारायची वेळच कुणावर यायची नाही. एवढ्या सुरळीत चाललेल्या संसारात मी एका शब्दाने बिब्बा घातला. मी नंदुरबारला हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. (कुणीतरी शिकवावंच लागतं.)

त्याचं असं झालं. सुरेखा, म्हणजे माझी बायको, एका सरकारी भरतीची परीक्षा देणार होती. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी. गणित झालं होतं, सामान्य ज्ञान तोंडपाठ होतं, घोडं अडलं होतं ते इंग्रजीतल्या तुलनेवर. आईने स्वयंपाकघर आणि आमची दोन वर्षांची छकुली, दोन्ही ताब्यात घेतली आणि सुनेला सांगून टाकलं, “तू फक्त वाच. चूल आन् पोर मन्हाकडे.” छकुली तर आजीशिवाय कुणाच्या मांडीवर डोळासुद्धा मिटत नाही. म्हणजे परीक्षेचा सगळा डोलारा आईच्या जिवावर उभा होता. पेपर रविवारी, धुळ्याला. आणि गुरुवारी मला वाटलं, आपणही जरा हातभार लावावा!

माझी शिकवण्याची पद्धत अशी की उदाहरणं घरातली घ्यायची, म्हणजे डोक्यात बसतात. सुरेखाने पहिलं वाक्य लिहिलं, ‘आईज भरीत इज बेटर दॅन सुरेखा.’ मी म्हटलं, चूक. भरिताची तुलना भरिताशी करायची, माणसाशी नाही. त्यावर तिचं म्हणणं असं की ‘आईंचं भरीत माझ्यापेक्षा चांगलं’ असंच सगळं खानदेश बोलतं, आणि भरीत समजून सुनेला अजून कुणी भाकरीशी खाल्लेलं नाही. मी तिकडे दुर्लक्ष केलं. मग मी तिला डिग्री बदलायला शिकवलं. पॉझिटिव्ह, कम्पॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह. वाक्याचं रूप हवं तसं बदला, अट एकच, अर्थ बदलायचा नाही. ही अट मी आजवर इतक्या मुलांना बजावली आहे, की झोपेतही माझ्या तोंडून तीच निघते, असं सुरेखा सांगते.

मग तिने मनापासून एक वाक्य लिहिलं. ‘आई इज क्लेव्हरर दॅन एनी वुमन इन द हाउस.’ आई घरातल्या कोणत्याही बाईपेक्षा हुशार आहे. किती गोड सून! मी त्यावर लाल पेनने फुली मारली.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे हा नियम. आई स्वतःही घरातली बाईच, मग ती स्वतःपेक्षा हुशार कशी असेल? म्हणून ‘एनी अदर वुमन’, म्हणजे ‘दुसऱ्या कोणत्याही बाईपेक्षा’ असं लिहावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे माझा आवाज. एरवी आमच्या घरात अहिराणी चालते, पण शिकवायला लागलो की माझ्या तोंडून शाळेतली मराठी बाहेर पडते आणि आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो. घरात अशी मराठी ऐकू आली की आईला वाटतं, कोर्टाचा निकाल लागला.

“अदर कुठे आहे?” मी गरजलो. “अदर नसेल तर आई या घरातली धरलीच जात नाही!”

“विसरले,” सुरेखा म्हणाली.

“नेहमी विसरतेस. अदर नाही म्हणजे आई घराबाहेर. संपलं.”

खिडकीखाली मागच्या अंगणात आई वांगी भाजत बसली होती. तिच्या कानावर ‘अदर’ पडला तो ‘आदर’ होऊन.

थोड्या वेळाने जळकट वास आला. वांग्यांचा कोळसा झाला होता आणि आई हातात पिशवी घेऊन दारात उभी होती. डोळे भरलेले, पण आवाज पक्का.

“मन्हा आदर नही, मी या घरनी नही. मंग मी चालनू खांडबाराले, बहीनकडे.”

सुरेखा बिचारी काहीच न कळून तिच्या मागे धावली. मी त्याच क्षणी अहिराणीत चार शब्द बोललो असतो तर प्रकरण मिटलं असतं. पण मी अजून वर्गातच होतो. मी म्हटलं, “आई, यात कुणाचा दोष नाही, हा नियमच आहे.” हे ऐकल्यावर तिने चपला घातल्या आणि सुरतकडची गाडी पकडली.

शुक्रवारी सकाळपर्यंत घराची पार दैना झाली. छकुलीने रडून कॉलनी डोक्यावर घेतली. सुरेखा एका हाताने तिला थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने कुकर उघडत होती, पुस्तक फ्रिजवर पडलं होतं. मी केलेल्या खिचडीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, “आईंना घेऊन या. जाऊन फक्त चुकलं म्हणा. हात जोडते, तिथे काही शिकवू नका.” मला तिची फार दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली.

खांडबाऱ्याला पोचलो तर मावशीने आधी ताट वाढलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी भरीत दोनदा मागून घेतलं, हात धुतले आणि चुकलं म्हणालो. आई जराशी वळली. इथेच थांबायला हवं होतं! पण मावसा रेल्वेतून निवृत्त झालेले, इंग्रजीची थोडीफार जाण असलेले. त्यांनी विचारलं, “पन लिखेल काय व्हतं?” आणि माझ्यातला मास्तर उठून बसला.

समजावायला उदाहरण हवं, आणि आईलाही खूश करायचं होतं. मी म्हटलं, हे बघा, ‘आईज भरीत इज बेटर दॅन मावशीज.’ भरिताची तुलना भरिताशी, वाक्य एकदम शुद्ध. मावशीने अर्थ विचारला. मी तोही सांगितला. आईचं भरीत मावशीच्या भरितापेक्षा चांगलं.

मावशीने माझ्यापुढचं उष्टं ताट उचललं ते जरा जोरातच. मी घाबरून लगेच डिग्री बदलली. ‘मावशीज भरीत इज नॉट ॲज गुड ॲज आईज.’ मावसांनी शांतपणे भाषांतर केलं, तुझं भरीत तिच्याइतकं चांगलं नाही म्हणतो. मावशी म्हणाली, “म्हंजे तेच ना?” तेच होतं. अर्थ बदलायचा नाही हीच तर अट! शेवटचा उपाय म्हणून मी सुपरलेटिव्हवर गेलो आणि आईचं भरीत सगळ्या खानदानात उत्तम आहे असं सांगून बसलो. मावसा म्हणाले की आता याने सगळं खानदान मध्ये ओढलं.

मावशी आईकडे वळली. “तूच शिकाडेल शे का याले?”

आई इतका वेळ रुसून बसलेली, पण तिला हसू लपवता येईना. ती हळूच म्हणाली, “पन खोटं काय शे त्यामा?”

मावशीने स्वतःच्या हाताने आईची पिशवी भरली. “जाय मंग तुन्हा घर. तठेच कर भरीत.” अशा रीतीने आई घरी यायला निघाली, आणि मावशीची समजूत काढायचं काम माझ्याकडे राहिलं ते अजून संपलेलं नाही.

घरी सुरेखाने आईला जवळ बसवलं. “आई, अदर म्हंजे दुसरी. या घरमा तुम्हनासारखी हुशार दुसरी बाई नही, असं लिखेल व्हतं मी.”

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. “इतलंच?”

“इतलंच.”

“मंग हाऊ काय सांगी ऱ्हायंता?” आईने माझ्याकडे बोट करून विचारलं. छकुली आजीच्या मांडीवर केव्हाच झोपली होती, आणि माझ्या जिवात जीव आला.

रविवारी पेपरात तसाच प्रश्न आला. कुणीतरी मुलगा वर्गातल्या ‘एनी बॉय’पेक्षा उंच होता, चूक ओळखायची होती. सुरेखा म्हणते, प्रश्न वाचला आणि डोळ्यांपुढे आईंची पिशवी उभी राहिली. पुढे तिची निवड झाली.

पेढे आणले त्या संध्याकाळी आई म्हणाली की तिलाही एक वाक्य करायचं आहे. “या घरमा संजूसारखा येडा मानूस दुसरा नही.” सुरेखाने टाळी दिली, आईंनी ‘दुसरा’ बरोबर लावला म्हणून. मी मास्तरच्या नात्याने हरकत घेतली की या घरात पुरुष मी एकटाच, मग तुलना होणार कुणाशी? वाक्य चूक.

आईने थोडा विचार केला. “मंग आख्खा नंदुरबार जिल्हा लाव.”

मी वाक्य तपासलं. तिन्ही डिग्रींमध्ये फिरवून पाहिलं. अर्थ काही बदलला नाही.