ब्लफ म्हणजे नुसती थाप नव्हे

मी शिवऱ्याजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. दहावीच्या वर्गात एकदा ‘शी कॉल्ड हिज ब्लफ’ असं वाक्य आलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने अर्थ सांगितला, की तिने त्याच्या थापेला फोन केला. वर्ग हसला, मीही हसले. मग विचारलं, दिवाळीत तीन पत्ती कोणाकोणाच्या घरी खेळतात? आधी सगळ्यांनी माना खाली घातल्या, मग एकेक हात वर झाला.

पुढचं सोपं होतं. ब्लफ हा शब्द बहुधा डच भाषेतून इंग्रजीत आला; तिथे त्याचा अर्थ बढाई मारणं. अमेरिकेतल्या पोकर खेळणाऱ्यांनी तो उचलला, इतका की एके काळी त्या खेळालाच ब्लफ म्हणत. हातात फालतू पानं असताना चाल वाढवत न्यायची, म्हणजे समोरचा घाबरून आपली चांगली पानं टाकून देतो. आपण सर्रास थापेलाच ब्लफ म्हणतो. पण थाप नुसत्या तोंडाने मारता येते, ब्लफमध्ये काहीतरी पणाला लावलेलं असतं. आणि इथला ‘कॉल’ म्हणजे आपला ‘शो’. तू खोटं बोलतोस असं म्हणायचं नाही, भांडायचं नाही. त्याच्याइतकी चाल आपणही लावायची आणि म्हणायचं, दाखव पानं.

त्याच रविवारी मी वेल्ह्याकडे सासरी गेले. नवरा टेम्पो घेऊन पुण्याला गेला होता. ओसरीवर सासरे बसले होते आणि त्यांच्यासमोर खुर्चीत जमिनीचा एजंट. आमच्या वरच्या माळावर फार्महाऊसचे प्लॉट पाडायला पुण्याची पार्टी तयार होती. विकायचं नाही, असं सासऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र एजंट वेगळंच बोलत होता. वरच्या वाडीतल्या धनगरांनी आणि खालच्या अंगाला सासऱ्यांच्या चुलत भावाने विसार घेतला, सह्यासुद्धा झाल्या. आता कंपाऊंड पडणार, तुमची माळाची वाट बंद होणार, मग ही जमीन फुकट दिली तरी कोणी घेणार नाही.

बांधाच्या भांडणापासून सासऱ्यांचं चुलत भावाशी बोलणं बंद होतं, मग विचारायला जायचं कुठल्या तोंडाने? एजंटला हे कोणीतरी सांगितलं असणार. तो सारखा मोबाईल बघत होता. पार्टी दुसऱ्या गावात जागा बघतेय, आजच हो म्हणा, म्हणत होता. ते ‘आजच’ मला खटकलं. हातात चांगली पानं असलेला माणूस एवढी घाई करत नाही.

जमिनीच्या बोलण्यात मी कधी पडले नव्हते, म्हणून आधी सासऱ्यांना विचारलं, “आबा, मी एक बोलू का?” त्यांनी मान हलवली.

“तुम्ही म्हणताय ते खरं असेल,” मी एजंटला म्हणाले. “संध्याकाळी देवळात या. आम्ही दोन्ही घरांना बोलावतो. सह्या झाल्यात असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तर आबा तिथंच सही करतील.”

सासऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. जमीन त्यांची, सही त्यांची, आणि पणाला मी लावली होती. पण मला माझ्या अंदाजाची खात्री होती, आणि ती बहुधा त्यांना दिसली.

“सूनबाई म्हनती तसं करू,” ते म्हणाले. “या सांजच्याला.”

एजंट हसला. माणसं कशाला जमवता, असले व्यवहार गुपचूप झालेले बरे, असं पुटपुटत गाडीत बसला. सासऱ्यांनी टोपी घातली आणि थेट चुलत भावाचं दार गाठलं. मी मागोमाग होतेच. सासऱ्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं, “तू माळ दिलास व्हय?”

“म्या न्हाई. तूच दिलास म्हनं. तुजी सही झाली म्हनून माजी मागतोय त्यो.”

संध्याकाळी देवळात धनगरांच्या घरचेही आले. त्यांनाही आमच्या आणि चुलत सासऱ्यांच्या सह्या झाल्याचं सांगितलं होतं. एजंट तेवढा आला नाही. पुण्याहून परतलेल्या नवऱ्याने त्याला फोन लावला, तर म्हणाला सारोळ्याला अडकलोय. त्यानंतर त्याची गाडी आमच्या वाटेला दिसली नाही.

पुढे धनगरांनी आपला एक तुकडा विकला, पण स्वतःच्या मर्जीने, आम्हाला सांगून आणि आमची वाट मोकळी ठेवून. आमच्या माळावर अजून शेळ्या चरतात. बांधाचा वाद काही मिटलेला नाही. तरी यंदा नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन चुलत सासरे स्वतः आले, आणि जेवूनच गेले.