डोकं कधी दुखलंच न्हाय!

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. ते आठवड्यातून दोनदा आपल्या पायानं चालत येतात आणि चार तास झोपून राहतात!

धाराशिवात एका डायलिसिस सेंटरवर मी टेक्निशियन आहे. ज्यांच्या किडन्यांनी रक्त गाळायचं सोडून दिलं, त्यांचं रक्त मशीनवर गाळायचं, हे आमचं काम. एकदा सुई लावली की माणूस चार तास जागचा हलत नाही. पहिला अर्धा तास मोबाईल. मग डोळे दुखायला लागतात, मान शेजारच्या बेडकडं वळते आणि सुरू होतं, "तुमचं कशानं झालं वो?"

बहुतेकांचं उत्तर एकच, "शुगर." पण शुगर असली म्हणून प्रत्येकाची किडनी जात नाही. मधल्या वर्षांत काहीतरी घडलेलं असतं, नाहीतर घडायचं राहिलेलं असतं. ते मधलं मी इतकी वर्षं ऐकतोय. ऐकताना हसू येतं. घरी गेल्यावर जेवण जात नाही.

*

वाशीचे एक रिटायर हेडमास्तर होते. सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. शुगर सांभाळावी तर गुरुजींनी! चहा बिनसाखरेचा, पहाटे फिरणं कधी चुकलं नाही, लग्नात जिलेबीचं ताट समोरून गेलं तरी मान वर नाही.

"मग गुरुजी, तुमचं कसं काय बिघडलं?" मी विचारलं. "बीपी होतं का?"

"व्हतं की. डॉक्टरांनी गोळीबी दिली व्हती."

"घेत होता का?"

"घेत व्हतो. डोकं दुखलं की घ्यायची, आसं ठरवलं व्हतं."

"आणि डोकं किती वेळा दुखलं?"

गुरुजी छताकडं बघत म्हणाले, "तेच तर सांगतोय! डोकं कधी दुखलंच न्हाय!"

गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच निघाली, सगळ्यांची तारीख उलटलेली. बीपी आतल्या आत किडन्या पोखरत होतं आणि गुरुजी डोकं दुखायची वाट बघत बसले होते. पुढं एकदा म्हणाले, "पोरांना जन्मभर सांगितलं, प्रश्न नीट वाचा म्हणून. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र म्या नीट वाचली न्हाय."

*

अणदूरच्या दत्तूतात्यांना डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वरून मीठ घ्यायचं नाही.

तात्यांची बायको शपथेवर सांगायची, "वरून चिमूटभरबी घेत न्हाईत!"

"मग जेवतात काय?"

"भाकरी, भाजी, पापड, लोणचं आन् ठेचा."

"अहो मावशी, पापड-लोणच्यात मीठ नसतं का?"

"आसतंय की! पन ते आतून!"

सगळी खोली हसली. तात्या सगळ्यात जास्त हसले. मग मावशीच म्हणाल्या, "सकाळी तोंड सुजायचं ह्यांचं. आमी म्हनायचो, तब्येत सुधारली. गालं बघा कशी भरली! पाव्हण्यांस्नी फोटो पाठवले हो म्या."

*

राजाभाऊ एका खासगी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. कंपनीत वर्षातून एकदा लघवीची तपासणी व्हायची. शुगर निघाली तर स्टेअरिंगवरून उतरवतील, ही त्याला भीती. म्हणून त्यानं सोपा उपाय काढला. त्याचा जोडीदार युनूसभाई, दुसऱ्या बसवरचा ड्रायव्हर, तब्येतीनं एकदम ठणठणीत. राजाभाऊ आपली रिकामी बाटली त्याच्या हातात द्यायचा. "युनूस, एवढी भर की!"

दरसाल राजाभाऊचा रिपोर्ट एक नंबर!

मधल्या काळात त्याच्या लघवीला फेस यायला लागला. त्याला वाटलं, बायकोनं संडासात धुण्याची पावडर जास्त टाकली असेल. ती पावडर नव्हती, लघवीतून प्रोटीन जात होतं. लघवीच्या साध्या तपासणीत ते कळलं असतं आणि गोळ्यांवर बरीच वर्षं निभली असती. पण तपासणी युनूसभाईची होत होती.

आता राजाभाऊला मोटरसायकलवर बसवून सेंटरला आणतो तो युनूसभाईच. एकही वार चुकवत नाही. एकदा मी म्हटलं, "युनूसभाई, तुमच्यासारखा दोस्त पाहिजे."

तो दाराला टेकून उभा होता. म्हणाला, "काहे का दोस्त, साब! हर साल पास मैं होता था, और फेल हुआ ये!"

*

भाऊसाहेबांची खव्याची भट्टी होती. स्वतःला मात्र शुगर, रोज दोन वेळा इन्सुलिन. इंजेक्शनला माणूस कंटाळलेला. कुणीतरी एक भस्म आणून दिलं. "मुळासकट जातं," म्हणाला. भाऊसाहेबांनी चालू केलं.

आणि काय सांगू! शुगर उतरायला लागली! इन्सुलिन कमी केलं, तरी उतरतीच. शेवटी इंजेक्शन पार बंद केलं, तरी रिपोर्ट चांगला. भाऊसाहेबांनी घरच्या खव्याचे पेढे केले आणि अख्ख्या गल्लीत वाटले.

थोड्याच महिन्यांत पाय सुजले, धाप लागली आणि ते आमच्याकडं आले. मशीनवर पडल्या पडल्या मला विचारलं, "सर, एक कळंना. शुगर गेली व्हती ना माझी?"

मी सांगितलं, की किडनी खराब व्हायला लागली की इन्सुलिन, टोचलेलं असो की अंगात तयार होणारं, जास्त वेळ टिकतं. म्हणून शुगर उतरल्यासारखी दिसते.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "म्हंजी म्या किडनी गेल्याचे पेढे वाटले!"

शेजारचे दोन्ही बेड खदखदून हसले, भाऊसाहेबही हसले. दाराशी त्यांची बायको उभी होती, ती तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

*

कौसाबाईंचे गुडघे दुखायचे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी आणायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. शुगर असलेल्या माणसानं दुखण्याच्या गोळ्या अशा वर्षानुवर्षं खाल्ल्या तर किडनी तग धरत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. उलट गावात कुणाचा गुडघा धरला की कौसाबाई कमरेची पिशवी सोडून गोळी काढायच्या. "घे गं, दोन दिसात पळशील!"

एका सोमवारी शेजारच्या बेडवर नवीन पेशंट आली. मी सुई लावून बाजूला झालो आणि बघतो तर कौसाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलेलं. नवीन पेशंट त्यांच्या लेकीची सासू होती! त्यांनाही शुगर, त्यांचेही गुडघे.

विहीणबाईच आधी बोलल्या. "इनबाई, तुमी दिलेली गोळी लई गुनाची व्हती बघा. गुडघा आजून दुखत न्हाय!"

हे टोमण्यानं म्हटलं का मनापासून, मला अजून उमगलेलं नाही. जाताना कौसाबाईंनी मला हळूच विचारलं, "सर, माझा वार बदलून मिळंल का?"

*

लोहाऱ्याचे महालिंग अण्णा, कापड दुकानदार. दीड वर्षापासून आमच्याकडं येतात. त्यांच्याबरोबर त्यांची बायको, नीलाकाकू. अण्णा आत बेडवर, काकू बाहेर बाकावर. चार तास.

अण्णांची शुगर पंधरा वर्षांची. काकूंनी तितकी वर्षं त्यांचं पथ्य केलं. त्यांना मोजून भाकरी, पालेभाजी. सणावाराला नैवेद्याची पुरणपोळी, आंब्याचा रस त्यांना चालत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून ते सगळं काकूंच्या ताटात. दीड वर्ष मी त्यांच्यासमोर अण्णांच्या बोटातून रक्त काढलं, शुगर बघितली. "काकू, तुमची कधी बघितली का?" एवढं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. ती चूक माझी. ती कुणावर ढकलता येत नाही.

मग एके दिवशी काकू डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. "माझी एक किडनी काढा आन् ह्यांना बसवा. मला दोन कशाला लागतेत?"

तपासण्या झाल्या. काकूंची शुगर निघाली, तीही भरपूर. लघवीतून प्रोटीन जात होतं. डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं, किडनी देणं तर सोडाच, आता तुमच्याच सांभाळायला लागतील.

काकू बाहेर आल्या आणि मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. "सर, ह्यांना सांगू नका. रक्तगट जुळला न्हाय म्हना."

"अहो काकू, पण..."

"ह्यांच्या जीवाला लागंल. आधीच अर्धं जेवतेत."

मी आत गेलो आणि सांगितलं, "अण्णा, काकूंचा रक्तगट जुळत नाही."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

चार तास भरल्यावर मी सुया काढल्या आणि त्या जागी कापूस दाबून धरला. काकू लोहाऱ्याची जीप बघायला बाहेर गेल्या होत्या. अण्णांनी दाराकडं एकदा बघून घेतलं.

"सर, आमची धाकटी झाली तवा हिला लई रक्त गेलं व्हतं. ही बेशुद्ध व्हती. गट एकच निघाला, म्हणून बाटली म्याच दिली. तिला कधी सांगितलं न्हाय म्या."

मी कापसावर चिकटपट्टी लावली.

"गोळ्या चालू केल्या का तिच्या?"

"केल्या, अण्णा."

"मंग झालं."

तेवढ्यात काकू आत आल्या. "चला, जीप लागली."

अण्णा उठून बसले. पायानं चप्पल चाचपत बायकोला म्हणाले, "काय नशीब बघ! गटच जुळला न्हाय आपला!"