रहिमाभाभींचे जॉनभाई

रत्नागिरीच्या राजिवड्यात बातमी पसरली की, रहिमाभाभींना या वयात अमेरिकेतून मागणी आलीय. जॉन नावाचा साहेब रोज पत्र लिहितो आणि भाभी स्टँडमागच्या सायबर कॅफेत जाऊन त्याला उत्तरं धाडतात. उत्तरांचं खरं होतं. मागणीचं तेवढं आम्ही लावलेलं. जॉन बिचारा वजन उतरवायच्या गोळ्या विकत होता.

भाभींचा सुलेमान मस्कतला. तिथल्या रत्नागिरीकरांनी वेबसाइट काढली आणि 'कोळंबीच्या लोणच्यासाठी लिहा' म्हणून भाभींचा ई-मेलचा पत्ता हौसेने छापून टाकला. लोणचं कुणी मागितलं नाही. जगभरच्या विक्रेत्यांनी पत्ता मात्र उचलला.

कॅफेवाली मनिषा वाचून दाखवायची आणि भाभी प्रत्येकाला उत्तर सांगायच्या. सलाम आला की जबाब द्यायचा, हे त्यांच्या हाडीमासी.

"भाभी, जाहिरात आहे ही!"

"'हॅलो रहिमा' लिवलंय ना त्याने? मग! लिही, वालेकुम सलाम, जॉनभाई. वजन आहे तेवढं राहू दे. घरची मंडळी खुशाल?"

इथे कुणीतरी बोलतंय म्हटल्यावर जॉनभाईंचे सगळे भाऊबंद लोटले.

भाभींकडे फोन नाही, म्हणून एक दिवस शेजारी आमच्याकडे सुलेमानचा फोन. "रघूकाका, अम्मी नाराज आहे का? मुलीचा फोटो पाठवला, परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत."

भाभींची पहिली नात! निरोप ऐकला आणि त्या मसाल्याच्या हातानेच निघाल्या. मीही मागोमाग. काळजीने हो. थोडी चौकशीही होती, नाही कशाला म्हणू?

मनिषाने बघून सांगितलं, "पेटी भरलीय, भाभी. तुम्ही जबाब देत गेलात, हे वाढत गेले. आता नव्याला जागाच नाही."

भाभी खुर्चीत बसूनच राहिल्या. "म्हणजे माझ्या जबाबापायी पोरगी दारातून परत गेली?"

माझ्या जिभेवर आलेली थट्टा मी गिळली. आमच्या आळीत हे क्वचित घडतं.

मनिषाने आवाज उतरवला. "भाभी, तिकडे माणूस नसतं. मशीन सगळ्यांना तेच पाठवतं."

"सलाम करणारं कुणी नाहीच?"

"नाही."

"मग पूस सगळे." खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या, "जॉनभाईलाही."

मनिषाने नवा पत्ता काढून दिला, त्यावरून सुलेमानला कळवलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला. नेट असं संथ की, पोर वरून खाली हळूहळू उतरत होती. आधी लोकरीची टोपी, मग कपाळ, कपाळाला लावलेली चिमुकली मूठ, मग मिटलेले डोळे. भाभींनी बोट पुसून पडद्यावरच्या त्या मुठीला लावलं.

"वालेकुम सलाम, माझे बाय."

मनिषा उगाचच कीबोर्ड पुसायला लागली.

परतताना मी म्हटलं, "भाभी, नवा पत्ता आम्हालाही द्या की. शेजारी आहोत."

"तुम्हाला दिला तर वेबसाइट कशाला हवी, रघूभावजी?"