गिरणीच्या इंजिनावर जॅझ

आमच्या विंझर गावात जॅझ संगीताचा उदय आणि अस्त माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, एकाच मुहूर्तावर झाला.

प्रथम व्याख्या. जॅझ म्हणजे ठरलेली चाल वाजवता वाजवता ती जाणीवपूर्वक सोडणे. (आमच्या वादकांना यांपैकी उत्तरार्ध उपजतच येत होता.) ही विद्या आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, मुंबईच्या हॉटेलात सॅक्सोफोन वाजवताना शिकले. सत्तर साल उजाडले होते. यंत्रयुगाचे संगीत यंत्रांनीच वाजवावे, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यानुसार लोहाराची ऐरण आली, पन्हाळीचे पत्रे आले आणि तालासाठी पिठाच्या गिरणीचे बंद पडलेले डिझेल इंजिन दादांनी दुरुस्त करून घेतले. इंजिन हलवण्यापेक्षा मांडव हलवणे सोपे, म्हणून मांडव गिरणीसमोर पडला. मी शाळामास्तर, वेळेचा पक्का. सबब इंजिन माझ्याकडे.

दादांची सारी भिस्त नवरदेवाच्या मामांवर होती. वेल्ह्याकडच्या जत्रेचे कार्यक्रम तेच ठरवीत. त्यांना बँड पसंत पडला तर जत्रेची सुपारी. न पडला तर दादांनी मुकाट्याने औत धरायचे, असे वडिलांनी बजावले होते.

इंजिन तापायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या मंगलाष्टकापूर्वीच मी हँडल मारले. धुराड्यावरचे डबडे ‘कुक्‌ कुक्‌’ करू लागले. या नादाचा गावात एकच अर्थ होता: गिरणी सुरू झाली, दळण आणा! आणि गिरणी तर कित्येक दिवस बंद होती. प्रथम आमच्या काकू उठल्या, मग मामी. करवलीने हातातला दिवा नवरदेवाच्याच हाती दिला आणि तीही गेली. शेवटी आई उठली. मी आडवा आलो.

“आई, अक्षता पडायच्यात.”

“अक्षता पडतील तवा पडतील. उद्याच्याला भाकरीस पीठ न्हाई घरात. इंजान बंद केलंस तर बघ.”

वधूपक्षाच्या अक्षता मी एकट्याने टाकल्या.

दादांनी डोळे मिटून सॅक्सोफोन उचलला. उघडले तेव्हा समोर डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांची रांग. रसिकांची ही गर्दी पाहून ते सद्गदित झाले.

काकू म्हणाल्या, “दादा, ती पिपाणी बाजूला घे. पाटी कुठं ठिवू?”

कुणीतरी पट्टा चढवला. जाते फिरले, पीठ उडाले, आणि दादांचा पुढचा सूर पांढरा निघाला. (ऐरणवाले आपली चाल केव्हाच सोडून जेवायला गेले होते.)

मामांच्या मिशाही पांढऱ्या झाल्या होत्या. दादा हात जोडून समोर उभे राहिले.

“जत्रंला या,” मामा म्हणाले. दादांचे डोळे भरून आले. “पर ती पिपाणी आन् पत्रं हितंच ऱ्हाऊ द्या. नुसतं इंजान आन् जातं गाडीत घालून आणा. परसादाचं दळण लई असतंय.”

दादांनी दुसऱ्याच दिवशी औत धरले. मामांना नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून जत्रेला मी गेलो. इंजिनावरील माझे एकल वादन दिवसभर चालले, आणि रसिक रांगेत उभे राहून एकच फर्माईश करीत होते: “मास्तर, जरा बारीक येऊ द्या.”